पीक खरं की खोटं?

रात्री साडेआठच्या गर्दीत मेसमध्ये पाच मिनिटं डोळे मिटून बसा. करून बघा, फुकट आहे. तीन प्रकारचे आवाज ऐकू येतील. पहिला, एक्झॉस्ट फॅनची घरघर. ती चालू असते तोवर जाणवतही नाही, बंद झाली की कळतं. दुसरा, शंभर-दीडशे जणांचा एकत्र कलकलाट, ज्यातला एकही शब्द धड कळत नाही. तिसरा, मधूनच कुणाच्या तरी हातून ताट पडतं आणि त्यामागोमाग सगळ्यांचा "ओऽऽऽ" होतो. आणि या सगळ्यात कोपऱ्यातला एखादा फर्स्ट इयरचा मुलगा हळूच म्हणतो, "काका, एक पोळी." काकांना ते कळतं. पोळी येते.

हा लेख त्या पोळीबद्दल आहे. म्हणजे भरपूर गोंगाटातून अगदी बारीक आवाज कसा ओळखायचा, याबद्दल. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणी पोळी मागितलेलीच नसताना मागितल्याचा भास कसा होतो, याबद्दल. हा भास मला झालेला आहे. त्यामुळे लिहायचा थोडासा तरी अधिकार मला आहे असं समजतो.

मी ई अँड टीसीचा. फर्स्ट इयरनंतर केमिस्ट्रीशी आपला संबंध संपला, अशा सुखात होतो. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एका तपासणी प्रयोगशाळेतल्या एलसी-एमएस यंत्राचा डेटा हाती आला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सिग्नलवाले ना? मग हा गोंगाट जरा साफ करून दाखवा." मला वाटलं, त्यात काय, दोन ओळींचा प्रोग्रॅम!

दोन यंत्रांचा संसार

एलसी-एमएस म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या दोन यंत्रांची जोडी. पहिल्याचं काम मिश्रणातली रसायनं वेगवेगळी करणं, दुसऱ्याचं काम त्यांचं वजन करणं.

पहिल्या यंत्रात स्टीलची एक छोटी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. ती अतिशय बारीक कणांनी ठासून भरलेली असते. पंप द्रावकाबरोबर आपला नमुना तिच्यातून ढकलतो. जे रसायन कणांना जास्त चिकटतं ते उशिरा बाहेर पडतं, जे कमी चिकटतं ते लवकर. घाटातल्या रस्त्यावर ज्याला प्रत्येक टपरीवर थांबून चहा प्यायचा असतो तो सगळ्यात शेवटी पोचतो, तसंच. ठरावीक रसायन ठरावीक वेळीच बाहेर येतं. ही वेळ म्हणजे त्याचा पत्ता.

बाहेर आलेल्या द्रवाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब केले जातात. थेंब सुकत जातात आणि शेवटी रसायनाचे आयन उरतात. याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात, आणि त्याने मोठे रेणूही न फोडता तोलता येतात हे दाखवल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मग दुसरं यंत्र या आयनांची वस्तुमान आणि विद्युतभाराच्या गुणोत्तरानुसार वर्गवारी करून त्यांची मोजणी करतं.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की शेवटी हातात एक भलामोठा मॅट्रिक्स येतो. ओळी म्हणजे वेळ, स्तंभ म्हणजे वस्तुमान. प्रत्येक ओळीतली सगळ्या स्तंभांची बेरीज केली की टोटल आयन क्रोमॅटोग्राम मिळतो. एकच स्तंभ काढून वेळेनुसार रेखाटला की त्या एका वस्तुमानाचा आलेख मिळतो. रसायन आलं की आलेखात एक टेकाड दिसतं, त्याला लॅबमध्ये सगळे 'पीक' म्हणतात. पीक म्हटलं की आमच्या घरी शेतातलं पीक, त्यामुळे पहिले दोन दिवस माझा थोडा गोंधळच झाला. पुढे कळलं की या दोन पिकांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

दहा टनांत एक गोळी

२०१० साली आपल्याकडून युरोपात गेलेल्या द्राक्षांचे कंटेनर तिथे अडकले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराईड. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. वेलीच्या फुटीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी हे वाढनियंत्रक वापरतात. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत तेव्हा हे नाव नव्हतं, आणि युरोपची द्राक्षांसाठीची तेव्हाची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. द्राक्षबागायतदारांना त्याचा जबर फटका बसला.

०.०५ मिलिग्रॅम नुसतं ऐकून काही वाटत नाही. हिशोब करू. तापाची एक गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. ती दहा टन द्राक्षांत सारखी मिसळली तर किलोमागे बरोबर ०.०५ मिलिग्रॅम होतात. म्हणजे एक ट्रकभर द्राक्षांत एक गोळी शोधायची, आणि तीही हातात मूठभर द्राक्षं घेऊन.

त्यातून हे सीसीसी भलतंच अवघड प्रकरण. त्याच्यावर कायमचा धन विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सहज विरघळतं. त्यामुळे नेहमीच्या कॉलमला ते चिकटतच नाही. सुरुवातीच्या लोंढ्यातच, द्राक्षातली साखर वगैरे जे काही न चिकटता बाहेर येतं त्या सगळ्या गर्दीबरोबर, ते बाहेर पडतं. आणि गर्दीत असताना त्याचे आयन कमी बनतात, कारण थेंबाच्या पृष्ठभागावरची जागा इतरांनी आधीच पटकावलेली असते. म्हणजे पोळी मागणारा मुलगा मुळातच हळू बोलतो, वर त्याच्या तोंडावर कुणीतरी हातही ठेवलेला असतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. सीसीसीमध्ये क्लोरीनचा एक अणू असतो. निसर्गात क्लोरीनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन ३५ वस्तुमानाचे आणि एक ३७ चा. त्यामुळे सीसीसीचा आयन १२२ ला दिसतो आणि त्याचा धाकटा भाऊ १२४ ला, सुमारे तीनास एक या प्रमाणात. यंत्रात हे आयन निवडून, वायूवर आपटून फोडले की दोघांचाही ५८ चा तुकडा मिळतो. म्हणून लॅबमध्ये '१२२ ते ५८' आणि '१२४ ते ५८' असे दोन चॅनेल लावतात. हे दोन भाऊ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

माझा पराक्रम

मॅडमनी मला पाच फायली दिल्या. नावं नाहीत, फक्त क्रमांक. कुठल्या फायलीत सीसीसी आहे ते ओळखायचं. आलेख उघडले तर नुसतं गवत उगवलेलं. मी थर्ड इयरला शिकलेला मूव्हिंग ॲव्हरेज काढला, एकवीस बिंदूंची खिडकी घेतली आणि १२२ चा चॅनेल त्यातून काढला. काय सुंदर आलेख झाला! तीन नंबरच्या फायलीत गुळगुळीत, गोलसर टेकाड. पाच नंबरमध्ये काहीच नाही. मी झोकात लिहून दिलं: तीनमध्ये आहे, पाचमध्ये नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "तीन नंबरमध्ये १२४ ला काय दिसतं?" मी बघितलंच नव्हतं. बघितलं, तर काहीच नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, ते एक तृतीयांशच असतं ना, दबलं असेल." त्या म्हणाल्या, "असेल. मग दुसरा प्रश्न. तुझं टेकाड किती वाजता आलंय?" पत्त्यापेक्षा चौदा सेकंद उशिरा. मी आपलं 'जवळपास' म्हणून सोडून दिलं होतं.

मग त्यांनी सांगितलं. "तीन नंबर म्हणजे कसलीच फवारणी नसलेल्या बागेतली द्राक्षं. पाच नंबरमध्ये सीसीसी मी स्वतः टाकलंय. अरे, तुझा पहिला रिपोर्ट गेला असता तर एका निर्दोष माणसाचा माल इथेच थांबला असता. दुसरा गेला असता तर माल समुद्र ओलांडून गेला असता आणि तिकडे अडकला असता. आलेख छान दिसतोय, पण छान दिसणं हे आपलं काम नाही."

त्या रात्री मेसमध्ये पोळी गळ्याखाली उतरली नाही. पण नेमकं चुकलं कुठे हे शोधल्याशिवाय झोपही येईना.

गुळगुळीत करणं म्हणजे साफ करणं नव्हे

कागद-पेन्सिल घ्या. समजा खरं पीक अगदी अरुंद आहे आणि त्याचे पाच बिंदू असे: १, ४, १०, ४, १. पाच बिंदूंचा मूव्हिंग ॲव्हरेज घेतला तर शिखराच्या जागी येतात २० भागिले ५, म्हणजे ४. दहाचं शिखर चारवर आलं, म्हणजे ४० टक्के उरलं. यादृच्छिक गोंगाट मात्र पाचच्या वर्गमुळाच्या पटीतच कमी होतो, म्हणजे सुमारे ४५ टक्के उरतो. सिग्नल ४० टक्के, गोंगाट ४५ टक्के! आलेख शांत झाला, पण सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर आधीपेक्षा बिघडलं. माझ्या एकवीसच्या खिडकीत तर हेच शिखर दहावरून एकच्याही खाली येतं आणि गोंगाट जेमतेम २२ टक्क्यांवर थांबतो. गुणोत्तर निम्म्याहूनही कमी. पाच नंबरच्या फायलीतलं खरं पीक मीच नांगरून टाकलं होतं.

आणि तीन नंबरमधलं टेकाड? तेही मीच बनवलं. एकवीसच्या खिडकीत शेजारच्या दोन बिंदूंची सरासरी काढताना एकवीसपैकी वीस आकडे तेच असतात. साहजिकच शेजारी शेजाऱ्यासारखा दिसायला लागतो आणि टोचरं गवत गुळगुळीत टेकाडांत बदलतं. या टेकाडांची रुंदी रसायनाने ठरवलेली नसते, आपल्या खिडकीने ठरवलेली असते. मित्रांनो, ही गोष्ट कुठल्याही डेटाला लागू आहे, मग तो ईसीजी असो की शेअर बाजार.

गोले नावाचा अवलिया

यावर एक जुना आणि चांगला उपाय आहे. १९६४ साली अब्राहम सावित्झकी आणि मार्सेल गोले यांनी तो मांडला. खिडकीतल्या बिंदूंची नुसती सरासरी घेण्याऐवजी त्यांच्यातून लीस्ट स्क्वेअर्सने एक छोटा वक्र बसवायचा आणि मधल्या बिंदूला त्या वक्रावरची किंमत द्यायची. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी वक्र बसवावा लागत नाही, ठरावीक गुणकांनी गुणलं की झालं. पाच बिंदूंसाठी ते गुणक आहेत: वजा ३, १२, १७, १२, वजा ३, आणि शेवटी भागिले ३५.

आपल्या उदाहरणात घालून बघा. शिखर येतं २६० भागिले ३५, म्हणजे जवळपास ७.४. गोंगाट सुमारे ७० टक्के उरतो. म्हणजे गुणोत्तर थोडं का होईना, सुधारलं. मोठी झेप नाही, पण नुकसान तरी नाही. पीक जास्त बिंदूंचं असेल तर खिडकी मोठी घेता येते आणि फायदाही वाढतो. नियम सोपा: खिडकी पिकाच्या रुंदीपेक्षा मोठी नको.

हे गोले म्हणजे एक अवलियाच. कोडिंग थिअरीच्या पेपरला आपण ज्या गोले कोडवर घाम गाळतो तो १९४९ चा कोड यांचाच. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रं पाठवली तेव्हा त्याच कोडचं विस्तारित रूप वापरलं होतं. आणि गॅस क्रोमॅटोग्राफीतला केसासारखा बारीक, आतून पोकळ कॅपिलरी कॉलम, तोही १९५० च्या दशकात यांनीच आणला. तेव्हा 'हे आपल्या ब्रँचचं नाही' असं म्हणण्यात काही अर्थ नाही. आणखी एक सांगतो. त्या १९६४ च्या प्रसिद्ध लेखातल्या तक्त्यांत काही आकडे चुकलेले होते, ते १९७२ साली इतरांनी दुरुस्त केले. तेव्हा तक्ता कितीही मोठ्या माणसाचा असो, एकदा ताडून बघावा.

फॅन, ताट आणि कलकलाट

पण यात एक मेख आहे. सरासरी किंवा सावित्झकी-गोले, दोघंही फक्त कलकलाटावर काम करतात. फॅनच्या घरघरीचं काय?

यंत्रातही फॅन असतात. द्रावकाचे आयन सतत येत राहतात. प्लास्टिकमधलं थॅलेट १४९ ला हजेरी लावतं. गॅस क्रोमॅटोग्राफीत कॉलमचा लेप झिजतो आणि २०७ ला दिसत राहतो. याला रासायनिक गोंगाट म्हणतात. हे खरेच आयन आहेत, त्यामुळे कितीही वेळा मोजून सरासरी काढली तरी ते जात नाहीत. आणि एखादाच बिंदू उगाच आभाळाला भिडतो, ते पडलेलं ताट.

संपूर्ण मॅट्रिक्स हाताशी असेल तर यावर एक सुंदर युक्ती आहे. विलेम विंडिग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती १९९६ साली मांडली, नाव कोडा. आलेख सुधारत बसण्याऐवजी कोडा स्तंभांची परीक्षा घेतो. प्रत्येक वस्तुमानाच्या आलेखाची एक प्रत काढायची, ती थोडी गुळगुळीत करायची आणि तिच्यातून तिची सरासरी वजा करायची. मग मूळ आणि प्रत यांची तुलना करायची, आपल्या नेहमीच्या डॉट प्रॉडक्टने. गुण शून्य ते एक.

विचार करा. चांगल्या स्तंभात बहुतेक वेळ शून्य आणि मध्येच एक पीक असतं. त्याची सरासरी शून्याजवळच असते, म्हणून ती वजा करून फारसा फरक पडत नाही. तो मुळातच गुळगुळीत असतो, म्हणून तिथेही फरक पडत नाही. गुण एकच्या जवळ. फॅनवाल्या स्तंभातून सरासरी वजा केली की त्याचं रूपच पालटतं. ताट पडलेला स्तंभ गुळगुळीत केला की पालटतो. दोघं नापास. मग ०.८५ वगैरे रेषा आखून फक्त पास झालेल्या स्तंभांची बेरीज करायची. ज्या टोटल आयन आलेखात आधी नुसती भिंत दिसत होती तिथे पिकं उभी राहतात. अट एकच: खरं पीक फॅनवाल्याच स्तंभात असेल तर तेही नापास होतं. म्हणजे कोडा निवड करतो, न्याय करत नाही.

पुढे २००६ साली आलेल्या एक्ससीएमएस या मोफत सॉफ्टवेअरने तर आपला रडारमधला मॅच्ड फिल्टरच या डेटाला लावला. पिकाच्या आकाराचा साचा घ्यायचा आणि तो डेटावरून सरकवत न्यायचा. शिकलेलं असं भलतीकडे भेटतं तेव्हा बरं वाटतं.

कॉम्प्युटरच्या आधी

तरीही मॅडमचं म्हणणं होतं की गोंगाट कॉम्प्युटरपर्यंत येऊ देणं हाच आळस. यंत्रावरच करण्यासारखं बरंच असतं.

एक, ऐकायला वेळ द्या. समजा पीक ६ सेकंद रुंद आहे आणि त्यावर १२ बिंदू हवेत. म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक फेरी. एका फेरीत १०० चॅनेल ऐकायचे तर प्रत्येकाला फक्त ५ मिलिसेकंद मिळतात. पण प्रत्येक रसायनाचा पत्ता, म्हणजे वेळ, आधीच माहीत असते. ज्याची वेळ आहे त्यालाच ऐकलं आणि एका वेळी १०च चॅनेल उरले, तर प्रत्येकाला ५० मिलिसेकंद मिळतात. आयन दहापट मोजले जातात, मोजणीचा गोंगाट दहाच्या वर्गमुळाने वाढतो, आणि गुणोत्तर सुमारे तिपटीने सुधारतं. एक पैसा खर्च न करता!

दोन, गर्दी कमी करा. नमुना पातळ केला तर सिग्नल कमी होईल असं वाटतं, पण साखरेची दडपशाहीही कमी होते, आणि पुष्कळदा नुकसानापेक्षा फायदा जास्त होतो. किंवा सीसीसी ज्याला चिकटेल असा वेगळा कॉलम घ्या, म्हणजे ते लोंढा ओसरल्यावर निवांत बाहेर येतं.

तीन, सोबत एक साक्षीदार पाठवा. सीसीसीमधले चार हायड्रोजन काढून त्या जागी ड्युटेरियम घातलेलं रसायन मिळतं. वागणूक जवळपास तीच, फक्त वजन १२६. ते मोजून नमुन्यात टाकायचं. गर्दीत सीसीसी जेवढं दबेल तेवढंच तेही दबतं, म्हणून दोघांचं गुणोत्तर खरं बोलतं. शिवाय पत्ताही तेच सांगतं. माझ्या फायलींत हा साक्षीदार होता. मी त्याला विचारलंच नव्हतं.

आणि शेवटची परीक्षा: दोन्ही चॅनेलवर पीक हवं, एकाच वेळी हवं, दोघांचं प्रमाण ठरल्यासारखं हवं. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक सूचनांत वेळेतला फरक ०.१ मिनिट, म्हणजे ६ सेकंद, आणि प्रमाणातला फरक ३० टक्के एवढीच सूट आहे. माझे चौदा सेकंद तिथेच बाद. शंका उरली तर नमुना पुन्हा चालवा. खरं पीक दर वेळी त्याच जागी येतं. गोंगाट दर वेळी जागा बदलतो.

नंतर मी पाचही फायली पहिल्यापासून केल्या. खिडकी लहान, दोन्ही चॅनेल, साक्षीदारासकट. पाच नंबरचं पीक दिसलं, आपल्या पत्त्यावर, भावासकट. फार देखणं नव्हतं. पण खरं होतं.

प्रोजेक्ट संपला त्या दिवशी मेसमधल्या काकांना विचारलं, "काका, एवढ्या गोंधळात तुम्हाला पोळी मागितलेली ऐकू कशी येते हो?"

काका हसले. "ऐकू कुठलं येतंय? ताट रिकामं दिसतं ना!"